मिक्सरमागची खुर्ची

सभेत माझी खुर्ची सगळ्यांच्या मागे असते. समोर मिक्सर, कानाला हेडफोन, एक डोळा पोडियमवर आणि दुसरा शेवटच्या दोन-तीन रांगांवर. सातारा जिल्ह्यात आणि आसपास व्याख्यानमाला, शाळांच्या वक्तृत्व स्पर्धा, पुस्तक प्रकाशनं, सोसायट्यांच्या वार्षिक सभा, ग्रामसभा, हरिनाम सप्ताहातली कीर्तनं, शोकसभा, अशा जिथे जिथे माणूस चारचौघांसमोर उभा राहून बोलतो तिथे मी आवाजाचं काम करत आलो. धंदा वडिलांचा. त्यांच्याकडे दोन भोंगे, आहुजाचा एक अँप्लिफायर आणि एक बॅटरी होती. सायकलच्या कॅरिअरवर बांधून ते गावोगावच्या जत्रांना जात. माझ्याकडे आज डिजिटल मिक्सर आहे, कॉर्डलेस माईक आहेत, टेम्पो आहे. काम मात्र तेच, एकाचं बोलणं शेवटच्या माणसापर्यंत पोचवायचं.

या खुर्चीवरून भाषण वेगळं दिसतं. व्यासपीठावरून पहिल्या दोन रांगा दिसतात. तिथे पाहुणे, पदाधिकारी आणि घरचे लोक बसलेले असतात. ते माना डोलावतात, हसायच्या जागी हसतात आणि वक्त्याला वाटतं, सभा रंगली. मला दिसतात त्या बाकीच्यांच्या पाठी. ऐकणारी पाठ किंचित पुढे झुकलेली असते. मन उडालं की ती खुर्चीला टेकते, मग एक पाय दुसऱ्यावर चढतो, पिशवी मांडीवर येते आणि चपला शोधणारा पाय खुर्चीखाली फिरायला लागतो. तो फिरायला लागला की थोड्याच वेळात माणूस उठणार. वक्त्याला हे कळायला हवं, पण तो आपल्याच पुढच्या वाक्यात अडकलेला असतो. भाषणातल्या ज्या चुका मी पुन्हा पुन्हा पाहिल्या, त्यांचं मूळ मला इथेच सापडतं. बोलायला उभं राहिलं की माणूस ऐकायचं सोडून देतो.

सुरुवात माईकपासून करतो. ‘मला माईक लागत नाही, माझा आवाज पोचतो,’ असं म्हणून तो बाजूला सारणारे वक्ते अजूनही भेटतात. त्यांत शिक्षक बरेच. वर्गात पन्नास मुलांपुढे त्यांचा आवाज खरंच पोचत आलेला असतो. पण सभागृहात आवाज पोचला म्हणजे शब्द पोचले असं होत नाही. स्वरांत जोर असतो, ते लांब जातात. स, श, त, फ ही व्यंजनं मुळातच हलकी, दहाव्या रांगेपर्यंत येता येता पंख्यांच्या घरघरीत ती विरून जातात. वयोमानानं कान उतरतात तेव्हाही आधी बारीक, उंच पट्टीचे आवाज ऐकू येईनासे होतात आणि ही व्यंजनं बरीचशी त्याच पट्टीतली. म्हणजे सत्तरीच्या माणसाला कुणीतरी बोलतंय हे ऐकू येतं, काय बोलतंय ते कळत नाही. आणि आमच्याकडे वयस्कर मंडळी बसतात कुठे? मागे, कडेला, दाराजवळ, कारण मध्येच उठावं लागलं तर कुणाला त्रास नको. ज्यांना माईकची सगळ्यात जास्त गरज, तेच सगळ्यात लांब. म्हणून नको म्हणणाऱ्याला मी एवढंच सांगतो, ‘सर, तुमच्यासाठी नको, मागच्या आजोबांसाठी घ्या.’ त्यावर अजून तरी कुणी अडून बसलेलं नाही.

पूर्वी माईक नव्हते तरी सभा होतच होत्या, असं काही जण म्हणतात. खरं आहे. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, ती नुसत्या गळ्यावर. लोकमान्य टिळक १९२० मध्ये गेले, त्यांच्या सभाही तशाच झाल्या. पण तेव्हा माणसं वक्त्याभोवती दाटीनं बसत आणि पंखे, जनरेटर, रस्त्यावरचे हॉर्न यांचा गोंगाट नव्हता. पुढे मुंबईच्या नानिक मोटवाने यांच्या शिकागो रेडिओ कंपनीनं १९३१ च्या कराची काँग्रेसला ध्वनिक्षेपक पुरवले आणि स्वातंत्र्यलढ्यातल्या सभांचा आवाज बदलला. त्या काळच्या फोटोंत माईकवर ‘शिकागो रेडिओ’ अशी पाटी दिसते. वडिलांनी दुकानात तसा एक फोटो लावला होता, तो मी काढलेला नाही. गांधीजींचं बोलणं संथ आणि हलक्या आवाजातलं. तसं बोलणाऱ्यालाही हजारोंच्या सभेत साध्या सुरात बोलता यावं, हे या यंत्रानं शक्य केलं. माझ्या धंद्याचं मला सगळ्यात मोठं वाटतं ते एवढंच. म्हणूनच माईकसमोर उभं राहून घसा फाडणारा वक्ता ऐकला की वाईट वाटतं. त्यानं ओरडावं लागू नये म्हणून तर हा सगळा संसार मांडलेला असतो.

हातातला माईक तोंडापासून चार बोटांवर धरावा हे बहुतेकांना माहीत असतं. पहिली दोन वाक्यं ते पाळतात. मग हात बोलायला लागतात आणि माईक हळूहळू छातीवर, पोटावर उतरतो. अंतर दुप्पट झालं की माईकमध्ये शिरणारा आवाज सहा डेसिबलनं घटतो, चौपट झालं की बारानं. ती घट मी मिक्सरवरून भरून काढायला गेलो की स्पीकरमधून बाहेर पडलेला आवाज माईक पुन्हा उचलतो, तो अँप्लिफायरमधून फिरून परत येतो आणि शिट्टी सुरू होते. शिट्टी झाली की लोक यंत्राला दोष देतात, पण कारण बहुतेक वेळा हे वाढलेलं अंतरच असतं. दुसरी सवय तरुण वक्त्यांनी गाणाऱ्यांकडून उचलली आहे, माईकची जाळी मुठीत धरायची. सभांतून सगळीकडे दिसणारा शुअर कंपनीचा एसएम-५८ हा १९६६ सालचा माईक. तो समोरचा आवाज घेतो आणि मागचा टाळतो. हे टाळणं साधतं ते जाळीच्या मागच्या अंगानं आत शिरणाऱ्या आवाजामुळे. ती वाट मुठीनं बुजली की माईक चहूकडचं गोळा करायला लागतो, शब्द घागरीत तोंड घालून बोलल्यासारखे येतात. दांडा धरावा, जाळी मोकळी सोडावी. आणि पडद्यावरचं चित्र दाखवताना मान भिंतीकडे वळली तर माईकनंही तोंडाबरोबर वळायला हवं. तो स्टँडवर असेल तर बोलणं थांबवून आधी दाखवावं, मग लोकांकडे वळून बोलावं. चित्रांच्या बाबतीत मला इतकंच सांगायचं आहे.

वक्त्यानं अर्धा तास आधी यावं असा माझा आयोजकांकडे आग्रह असतो. ‘हॅलो हॅलो’ म्हणून आणि माईकवर टिचक्या मारून काहीच कळत नाही. भाषणाची पहिली चार वाक्यं, ज्या आवाजात म्हणायची आहेत त्याच आवाजात म्हणून बघावीत. आणि तेव्हा शेवटच्या रांगेत कुणाला तरी उभं करावं. रिकामं सभागृह जास्त घुमतं, माणसं भरली की त्यांचे कपडे आणि शरीरं आवाज शोषून घेतात, त्यामुळे तेव्हाच्या घुमण्यानं बिचकायचं कारण नाही. मात्र आमच्याकडे पुष्कळ कार्यक्रम मंगल कार्यालयात होतात. खाली फरशी, वर पत्रा, भिंती कोऱ्या. ती जागा माणसं भरल्यावरही घुमते. तिथे मागचा शब्द विरायच्या आत पुढचा आला की दोन्ही बुडतात. मिक्सरवर मी कितीही खटपट केली तरी हे पूर्ण सुधारत नाही, ते वक्त्याच्याच हातात असतं. त्यानं सावकाश बोलावं, वाक्य संपलं की श्वासभर थांबावं.

मैदानातली गोष्ट आणखी निराळी. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. शंभर मीटरवरच्या खांबावरचा भोंगा आणि जवळचा भोंगा यांच्या शब्दांत सेकंदाचा जवळजवळ तिसरा हिस्सा इतकं अंतर पडतं. दोन भोंग्यांच्या टापूत सापडलेल्या माणसाला शब्द दोनदा ऐकू येतात. निवडणुकीच्या सभांत मुरलेले वक्ते मी जवळून पाहिले आहेत. सभागृहात ते लांब, पल्लेदार वाक्यं बोलतील, मैदानात मात्र चार-पाच शब्दांचं वाक्य टाकतात आणि थांबतात. हे गणित त्यांना कुणी पुस्तकातून शिकवलेलं नसतं. आपलाच शब्द लांबून परत येताना त्यांनी ऐकलेला असतो आणि त्याच्याशी जुळवून घेतलेलं असतं. नवखा वक्ता तोच प्रतिध्वनी ऐकून गोंधळतो आणि तो झाकण्यासाठी आणखी भरभर, आणखी मोठ्यानं बोलतो.

बायकांच्या भाषणात ज्या उणिवा काढल्या जातात त्यांतल्या कितीतरी आम्हा व्यवस्था करणाऱ्यांच्या असतात. पोडियम उंच पुरुषाच्या मापानं बनवलेला. त्यामागे पाच फुटांची बाई उभी राहिली की लोकांना नुसते डोळे आणि कपाळ दिसतं, माईकची मान खाली वळवायचं कुणाच्या लक्षात येत नाही, आणि नंतर म्हणतात, बाईंचा आवाज फारच बारीक होता. मी गाडीत एक मजबूत लाकडी चौरंग कायम ठेवतो. तो पोडियममागे सरकवला की आवाजाचं निम्मं काम होतं. कॉलर माईक तर नावाप्रमाणेच कॉलरसाठी केलेला. पदराला लावला की पदराबरोबर सरकतो, मंगळसूत्र किंवा मोत्यांची सर त्यावर घासते आणि दर हालचालीला हॉलभर खरखर उमटते. बोलणाऱ्या बाईंना ती खरखर ऐकू येत नाही, त्यांना फक्त समोरची माणसं कपाळाला आठ्या घालताना दिसतात, आणि आपलंच काहीतरी चुकतंय असं वाटून त्या खचतात. खांद्यावर पदराची पिन असते त्याच्या जरा खाली, दागिना लागणार नाही अशा जागी तो संस्थेतल्या एखाद्या ताईंकडून नीट लावून घ्यावा, नाहीतर सरळ स्टँडचा माईक मागावा. माईक मागून घेणं हा वक्त्याचा हक्क आहे. चौरंग मागणं हासुद्धा.

आता वेळ. आमच्याकडे सहाची सभा साडेसहाला सुरू होते. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, शाल-श्रीफळ, देणगीदारांचे सत्कार, दोन-तीन मनोगतं. प्रमुख वक्ता उभा राहतो तेव्हा आठ वाजत आलेले असतात आणि लोक दीड तास बसून आंबलेले असतात. त्यात कार्यक्रम उघड्यावर असेल तर दहाला मला ध्वनिक्षेपक बंद करावाच लागतो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा ही बंदी घातली आहे, आणि ती योग्यच आहे, शेजारच्या घरात कुणीतरी झोपलेलं असतं. अशा वेळी उभा राहिलेला वक्ता पहिली पाच मिनिटं व्यासपीठावरची सगळी नावं पुन्हा घेण्यात घालवतो. सूत्रसंचालकानं ती घेतलेली असतात, प्रास्ताविकात ती झालेली असतात. एखादं नाव राहिलं तर रुसवा होईल ही भीती मला समजते, गावात सगळ्यांना धरून राहायचं असतं. पण यादी जितकी लांब तितकं एखादं नाव सुटण्याचं भय जास्त, आणि सुटलं की तेच लोकांच्या लक्षात राहतं. अध्यक्षांचं नाव घ्यावं, बाकीच्यांना एकत्र नमस्कार करावा आणि नजर उचलून विषयाचं पहिलं वाक्य बोलावं. त्या पहिल्या मिनिटात जवळजवळ प्रत्येक पाठ पुढे झुकलेली असते. इतकं लक्ष पुन्हा मिळत नाही.

तासाचं भाषण चाळीस मिनिटांत बसवायला वेग वाढवतात, ही दुसरी मोठी चूक. आधीच दमलेले कान आणि त्यावर घाईघाईनं आदळणारे शब्द. आमच्याकडच्या व्याख्यानमालेला नेमानं येणारे एक वृद्ध प्राध्यापक होते. त्यांच्या हातात एकच छोटं कार्ड असे. त्यावर मुद्दे क्रमानं आणि काही मुद्द्यांपुढे लाल खूण. वेळ कमी पडला तर लाल खुणेचे मुद्दे अख्खे सोडायचे, हे घरूनच ठरलेलं. ‘काय सोडायचं ते व्यासपीठावर ठरवायला गेलं की काहीच सुटत नाही,’ असं ते मला म्हणाले होते. उरलेलं ते त्यांच्या नेहमीच्या संथ चालीनं सांगत आणि ठरल्या वेळी थांबत. आपण काय गाळलं हे ऐकणाऱ्यांना कधी कळलंही नाही.

याच प्राध्यापकांच्या व्याख्यानात एकदा वीज गेली. जनरेटरवाला जेवायला गेलेला. हॉलमध्ये अंधार, पोरांची हुर्यो, मोबाईलचे दिवे. सर क्षणभर थांबले, मग काठी टेकत व्यासपीठावरून खाली उतरले आणि हॉलच्या मध्यावर येऊन उभे राहिले. त्यांनी मागच्या कोपऱ्यातल्या एका माणसाकडे बोट करून विचारलं, ‘तुम्हाला, तिथं, ऐकू येतंय का?’ आणि उत्तराची वाट पाहिली. त्यानं हात हलवून नाही सांगितलं. सरांनी मागच्या चार रांगांना पुढे येऊन पायवाटेत, जमिनीवर बसायला सांगितलं. लोक बसले. पुन्हा त्याच माणसाला विचारलं. तो ‘येतंय’ म्हणाल्यावरच ते पुढे बोलले. दिवे आले तरी ते वर गेले नाहीत, मी कॉर्डलेस माईक तिथेच नेऊन दिला. ‘आवाज येतोय ना?’ असं सगळेच विचारतात, पण पहिल्या रांगेकडे बघत विचारतात आणि उत्तर यायच्या आत पुढे जातात. ज्याला ऐकू येत नाही त्याला तो प्रश्नही ऐकू आलेला नसतो. बोट दाखवून, एका माणसाला, थांबून विचारायचं असतं.

हेडफोनमध्ये मला श्वास ऐकू येतो. सभेला तो ऐकू जात नाही, पण माझ्या कानात तो शब्दांइतकाच स्पष्ट असतो. मनातलं बोलणारा माणूस अर्थ पुरा झाला की श्वास घेतो. पाठ केलेलं म्हणणारा कुठेही घेतो, कर्ता इकडे आणि क्रियापद तिकडे, मध्ये श्वास. शाळांच्या वक्तृत्व स्पर्धांत हे दिवसभर चालतं. सात मिनिटांचं भाषण, पाचव्या मिनिटाला पहिली घंटा. मुलं गुणी असतात, त्यांची मेहनत बघून ऊर भरून येतो. पण भाषण बाईंनी किंवा सरांनी लिहिलेलं, हातवारे बसवलेले, आवाज कुठे चढवायचा ते ठरलेलं. तेरा वर्षांची मुलगी स्त्रीभ्रूणहत्येवर रडवेल्या सुरात ओरडत असते आणि तिच्या श्वासावरून मला कळत असतं की ती पुढची ओळ आठवते आहे. परीक्षकांनी आणि शिक्षकांनी हे जरा मनावर घ्यावं अशी माझी कळकळ आहे. मुलाला त्याच्या वयाचा, त्याच्या डोळ्यांसमोरचा विषय द्यावा. पहिलं आणि शेवटचं वाक्य पाठ असू दे, मधले फक्त मुद्दे माहीत असावेत. मग एखादं वाक्य निसटलं तर सगळी साखळी तुटत नाही. आणि निसटलंच तर? मुलांना मी व्यासपीठावर जायच्या आधी सांगून ठेवतो, थांब, पाणी पी, मागचा मुद्दा पुन्हा एकदा म्हण. बोलणाऱ्याला तीन सेकंदांची शांतता फार मोठी वाटते. ऐकणाऱ्याला वाटतं, हा विचार करतोय. मागे बसून मी तर पाहिलं आहे की अशा शांततेत खाली बघणारे लोकही मान वर करतात.

कागदावरून वाचायला माझी हरकत नाही. आकडे, अवतरणं, ठराव हे वाचूनच सांगावेत. पण वाचताना हनुवटी खाली जाते, घसा दबतो आणि शब्द माईकवर न जाता कागदावर पडतात. कागद पोडियमच्या वरच्या कडेला ठेवावा, अक्षर मोठं असावं, पाठपोट लिहू नये. आकाशवाणीवर भाषण वाचणाऱ्यांची जुनी रीत आहे, पानं सुटी ठेवायची आणि वाचून झालेलं पान अलगद बाजूला सरकवायचं. स्टेपल केलेली पानं उलटताना माईकमध्ये जो आवाज येतो तो वाक्य गिळून टाकतो.

एवढं सगळं ज्यांना कधी सांगावं लागलं नाही ते कीर्तनकार. सप्ताहाच्या कामाला मी पैशासाठी जातो तसा ऐकण्यासाठीही जातो. नारदीय कीर्तनात पूर्वरंग संपला की नामाचा गजर होतो आणि मग उत्तररंगात आख्यान सुरू होतं. त्या मधल्या गजरात कीर्तनकाराच्या गळ्याला विसावा मिळतो, लोकांच्या पायांना, पाठीला हालचाल मिळते. आधीच्या तत्त्वचर्चेनं जड झालेलं डोकं मोकळं होतं. दीड तासाच्या व्याख्यानात असा विसावा कुणी ठेवत नाही. गाडगेबाबांनी १९५६ साली, निधनाच्या थोडंच आधी, वांद्र्याला पोलिसांपुढे केलेल्या कीर्तनाचं ध्वनिमुद्रण आजही ऐकायला मिळतं. माझ्या व्यवसायात येणाऱ्या प्रत्येक पोराला मी ते ऐकवतो. बाबा लोकांना साधे साधे प्रश्न विचारतात आणि लोक एका सुरात उत्तर देतात. ते उत्तर घेऊन बाबा पुढच्या प्रश्नाकडे जातात. लोकांना जे बोलता येतं त्यावरच पुढचं पाऊल टाकलेलं आहे. वऱ्हाडी बोली, घरच्यासारखं बोलणं, आणि लोकांचा प्रतिसाद मंदावला की लगेच गजर. शाळेत न गेलेल्या या माणसाइतकं समोरच्यांना ऐकत बोलणारं मराठीत दुसरं कुणी मी ऐकलेलं नाही.

शोकसभांविषयी थोडकंच. तिथे बोलणाऱ्यानं गेलेल्या माणसाची एक खरी आठवण सांगावी आणि बसावं. आपली त्याच्याशी किती जवळीक होती हे सिद्ध करायला लागलं की समोर बसलेल्या घरच्यांकडे बघवत नाही.

गेल्या काही वर्षांत मला सगळ्यात समाधान दिलं ते ग्रामपंचायतीच्या कामानं. २०११ पासून महाराष्ट्रात पंचायतींमध्ये निम्म्या जागा बायकांसाठी राखीव झाल्या. त्यामुळे कधी चार माणसांत तोंड न उघडलेल्या कितीतरी जणी माईकपुढे उभ्या राहायला लागल्या. अशाच एक नव्या सरपंच ताई पहिल्या ग्रामसभेच्या आदल्या संध्याकाळी, आम्ही देवळापुढे मंडपात तारा ओढत असताना आल्या. ‘दादा, यात बोलायचं कसं हो?’ हातात चार पानं होती. गावातल्या एका गुरुजींनी लिहून दिलेली, ‘सन्माननीय व्यासपीठ’पासून ‘ग्रामोद्धाराच्या पवित्र कार्यात’पर्यंत. त्या वाचायला लागल्या आणि तिसऱ्या ओळीला अडखळल्या. मी माईक तसाच चालू ठेवला आणि विचारलं, ‘ताई, उद्या लोक काय विचारतील तुम्हाला?’ त्या म्हणाल्या, ‘पाण्याचंच विचारणार.’ आणि सुरू झाल्या. टाकी किती लिटरची, भरायला किती तास लागतात, वरच्या आळीला पाणी का चढत नाही, मोटर जळली तेव्हा किती खर्च आला, लाईट रात्रीची असली की पाणी सोडणाऱ्या माणसाचे काय हाल होतात. रिकाम्या मंडपात त्यांचा आवाज स्वच्छ चालला होता, श्वास जिथल्या तिथे. मी म्हटलं, ‘हेच बोला.’ त्या म्हणाल्या, ‘असं घरच्यावाणी?’ ‘असंच. आणि टाकीचे नि खर्चाचे आकडे तेवढे कागदावर लिहून आणा.’

ग्रामसभेला मी माझ्या खर्चानं एक कॉर्डलेस माईक लोकांमध्ये फिरता ठेवतो. तो नसला की प्रश्न पुढच्यालाच ऐकू येतात, उत्तर सगळ्यांना ऐकू येतं, आणि कशाचं उत्तर चाललंय हे निम्म्या लोकांना कळत नाही. गैरसमज आणि आरडाओरडा तिथूनच सुरू होतो. फिरता माईक नसेल तर बोलणाऱ्यानं प्रश्न आधी सगळ्यांना पुन्हा सांगावा, मग उत्तर द्यावं. पुष्कळ नावाजलेले वक्तेसुद्धा हे करत नाहीत. प्रश्न पुरा व्हायच्या आत त्यांचं उत्तर सुरू झालेलं असतं.

दुसऱ्या दिवशी ताईंनी माईक हनुवटीच्या समोर धरला तो शेवटपर्यंत तसाच. पाण्याचं, गटारांचं, शाळेच्या छपराचं सांगून झालं. मग मागून, खांबाआडून एका म्हातारीनं विचारलं. माझा पोरगा फिरता माईक घेऊन तिच्यापर्यंत पोचायचा होता, त्यामुळे पुढच्यांना काही ऐकू आलं नाही. ताई थांबल्या. म्हणाल्या, ‘काकू, परत एकदा सांगा.’ तिनं सांगितलं. ताईंनी ते सगळ्यांना ऐकवलं, ‘काकू विचारतात, वरच्या आळीला पाणी नक्की कोणत्या तारखेला येणार.’ पुढे बसलेल्या मंडळींपैकी कुणीतरी हळूच एक तारीख सुचवली. ताईंनी ती घेतली नाही. ‘तारीख मला आत्ता माहिती नाही. सोमवारी इंजिनिअर येणार आहेत, त्यांना विचारते आणि मंगळवारी पंचायतीच्या फळ्यावर लिहिते.’ ग्रामसेवकांना त्यांनी ते नोंदवायला सांगितलं, त्यांचं लिहून होईपर्यंत वाट पाहिली, आणि माझ्या पोराला हातानं खूण केली. माईक डावीकडच्या रांगेत गेला. तिथे गटाराच्या उतारावर एकाला बोलायचं होतं.